आधी परतीची वाट

नगर जिल्ह्यात टाकळ्या किती आहेत, हे मला २८ जुलै २०२३च्या पहाटे नीट कळलं. टाकळी ढोकेश्वर पारनेर तालुक्यात, कल्याण रस्त्यावर. टाकळी काझी आणि टाकळी खातगाव नगर तालुक्यात. टाकळीमिया राहुरीत, टाकळीभान श्रीरामपुरात, टाकळी मानूर पाथर्डीत. यादी एवढ्यावर संपत नाही. जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही नुसतं ‘टाकळीला चाललोय’ म्हटलं, तर तो लगेच विचारतो, ‘कंची टाकळी?’ मी लिहिलेल्या स्क्रिप्टने तो प्रश्न विचारला नाही, कारण मी तिला तो विचारायला शिकवलंच नव्हतं.

मी एका छोट्या इंटरनेट सेवेत काम करतो. केबल टीव्हीच्या धंद्यातून वाढत गेलेली, तीन तालुक्यांत पसरलेली सेवा. गावोगावी कुणाच्या तरी भिंतीवर आमची पत्र्याची पेटी, पेटीत एक राउटर, एक बॅटरी आणि फायबरचे जोड ठेवायचा डबा. त्या रात्री चाळीस गावांतल्या राउटरचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. एकेक राउटर हाताने करायचा तर प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे दोन-तीन रात्री गेल्या असत्या. म्हणून मी सगळी कामं एका फाइलमध्ये ओळीने लिहिली, रात्री दीडला ती चालू केली आणि झोपलो. चारला उठून पाहिलं तर चाळीसच्या चाळीस राउटर नव्या आवृत्तीवर आले होते. यादीत नसलेला एकेचाळिसावा मात्र मेला होता.

झालं होतं असं. गावांची नावं मी नावाच्या सुरुवातीवरून शोधत होतो. एका टाकळीतला राउटर बदलायचा होता, तो बदलला. पण दुसऱ्याही टाकळीत आमचा राउटर होता. कंपनी तीच, बाहेरचा डबा तसाच, आतला बोर्ड मात्र पुढच्या बनावटीचा. एका बोर्डाचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चढत नाही, आणि यंत्र स्वतःहून तसं सांगून नकार देतं. याही राउटरने नकार दिला असता. पण चाचणीच्या वेळी एका किरकोळ इशाऱ्यावर स्क्रिप्ट अडत होती, म्हणून मी त्या ओळीला सक्तीची खूण लावली होती: काही ऐकू नको, चढव. ती खूण काढायची राहून गेली. राउटरने ऐकलं, जुनं पुसलं, नवं लिहिलं, आणि पुन्हा उठला नाही.

जुलैचे शेवटचे दिवस होते. त्या वर्षी खरिपाच्या पीकविम्यासाठी शेतकऱ्याकडून फक्त एक रुपया घेण्याची योजना सुरू झाली होती आणि अर्ज भरायची मुदत ३१ जुलै ठरलेली होती. सकाळी सव्वाआठला मी मोटारसायकलवर त्या गावात पोचलो, तेव्हा आपले सरकार सेवा केंद्रासमोर पायऱ्यांवर माणसं बसलेली. हातात सातबारा, आधारकार्ड, बँकेचं पुस्तक. केंद्र चालवणाऱ्या ताई मोबाइलचं हॉटस्पॉट लावून एकेक अर्ज ढकलत होत्या. शेजारी डेअरीत सकाळचं दूध संगणकाऐवजी वहीवर लिहून घेतलं होतं. मी पेटी उघडली, लॅपटॉप जोडला, कन्सोलची, म्हणजे यंत्राशी थेट बोलायची तार लावली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, काय झालंय. मी खरं ते सांगितलं, की चुकून या टाकळीला त्या टाकळीचं सॉफ्टवेअर गेलं. ते म्हणाले, ‘पोरा, पोस्टमन बी इचारतो रं, कंची टाकळी.’

राउटर दुपारी बाराला उठला. त्या चार तासांत मला जे सुचलं, त्याचा हा लेख.

*

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुराची फाइल. अमुक पत्त्यावरच्या यंत्राशी बोल. नाव आणि पासवर्ड सांग. तुझं मॉडेल कोणतं, आवृत्ती कोणती, मोकळी जागा किती, ते विचार. जागा पुरेशी असेल तर नवी फाइल पाठव. फाइल पूर्ण पोचली का, ते तपास. मग यंत्राला बंद होऊन पुन्हा उठायला सांग. थोडं थांब. उठलं का बघ. अशा तीस-चाळीस ओळी, आणि त्या चाळीस गावांसाठी चाळीस वेळा.

मालक बाहेरगावी जाताना नव्या गड्यासाठी चिठ्ठी ठेवून जातो, तसंच हे आहे. पंप लाव, वाफे भरले की दुसऱ्या सरीला पाणी धर, सहाला पंप बंद कर. पण मधेच पाइप फुटला, तर गडी चिठ्ठी बाजूला ठेवून आधी पंप बंद करतो. स्क्रिप्ट तसं करत नाही. पाइप फुटला तर काय करायचं, हे चिठ्ठीत लिहिलं नसेल, तर ती सहा वाजेपर्यंत पाणी चालू ठेवते. म्हणून चांगल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्यक्ष कामाच्या ओळी थोड्या असतात. ‘असं झालं नाही तर’ या ओळी त्यांच्या तिप्पट असतात.

मग एवढा धोका असताना सॉफ्टवेअर बदलायचंच कशाला? चालतंय ते चालू द्यावं, असं गावात पुष्कळ जण म्हणतात, आणि पंपाच्या मोटारीबाबत ते बरोबरही असेल. राउटरची गोष्ट वेगळी आहे. तो चोवीस तास साऱ्या जगासमोर उभा असतो. आज त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला नवं भगदाड सापडलं, तर ते लंकेतल्या, रशियातल्या, कुठल्याही माणसाला त्याच दिवशी उपलब्ध होतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो घरगुती राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, बाकी काही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत एका दूरसंचार कंपनीच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. २०१७च्या जुलैत आपल्या देशातही हजारो ब्रॉडबँड मोडेम अशाच हल्ल्यात निकामी झाले, आणि ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं.

छोट्या केबल-इंटरनेटवाल्यांना सगळ्यात जवळून जाणवलेली गोष्ट २०१८ची. लाटव्हियातली मायक्रोटिक ही कंपनी स्वस्त आणि दणकट राउटर बनवते, त्यामुळे आपल्याकडे तालुक्यातालुक्यांतल्या छोट्या सेवा त्यावरच उभ्या राहिल्या. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपनीने एक मोठं भगदाड बुजवणारी आवृत्ती दिली. ऑगस्टमध्ये ब्राझीलपासून सुरू होऊन जगभरचे लाखभराहून अधिक राउटर हल्लेखोरांच्या हाती गेले. लोकांच्या नकळत त्यांच्या संगणकांवर आभासी चलन खणायचं काम चालू झालं. मधे चार महिने औषध तयार होतं, फक्त ते कुणी पाजलं नव्हतं. गावागावांत जाऊन पाजायला माणूस नव्हता आणि दुरून पाजायला स्क्रिप्ट नव्हती. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. त्या चार महिन्यांत आमच्याकडे पाऊस, फायबर तुटणं आणि वसुली यातच दिवस जात होते.

*

यंत्राचं सॉफ्टवेअर दुरून बदलता येतं, ही गोष्ट तशी नवी आहे. एके काळी ते चिपमध्येच भाजलेलं असे. बदलायचं तर चिप काढा, अतिनील दिव्याखाली धरून पुसा, पुन्हा लिहून बसवा. मग फाइल पाठवायचे मार्ग आले. त्यातला सगळ्यात साधा टीएफटीपी. त्याचं नियमपुस्तक १९८१ साली निघालं, आणि आजही राउटर मेला की आम्ही त्याचाच आधार घेतो. त्याची रीत अशी: ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवायचा, समोरून ‘पोचला’ असं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा तुकडा. पासवर्ड नाही, गुप्तता नाही. तुकड्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंतच जातात, म्हणून मूळ रीतीने ३२ एमबीपेक्षा मोठी फाइल जातच नसे. पण हा नियम इतका छोटा आहे, की मेलेल्या यंत्रात उरलेल्या मूठभर स्मृतीतही तो मावतो. त्या दिवशी टाकळीतला राउटर याच रीतीने उठला.

त्याहून जुना उपाय म्हणजे कन्सोलच्या तारेतूनच फाइल ढकलणं. सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, तेव्हा १६ एमबीची फाइल पोचायला पाच तास लागतात. मी एकदा असं केलं आहे. पाथर्डी तालुक्यात, मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत. लॅपटॉपची बॅटरी संपू नये म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढून घेतली होती. गिरणीवाल्या काकांनी दुपारी जेवायला बोलावलं, पण तार सोडून उठवेना. त्यांनी भाकरी-पिठलं तिथेच आणून दिलं.

स्क्रिप्टला ऐकायला शिकवलं ते अमेरिकेतल्या डॉन लाइब्स यांनी, १९९०च्या सुमारास. त्यांच्या साधनाचं नावच ‘एक्स्पेक्ट’, म्हणजे वाट पाहा. त्याआधी बहुतेक स्क्रिप्ट म्हणजे एकतर्फी बोलणं होतं. ओळी फेकायच्या, समोरून काय आलं याकडे लक्ष नाही. लाइब्स यांनी रीत बदलली: समोर ‘पासवर्ड’ हा शब्द दिसेपर्यंत थांब, मग पासवर्ड दे. ‘खरंच करू का?’ असा प्रश्न आला तरच ‘हो’ म्हण. दुसरंच काही आलं तर बाहेर पड. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमधल्या तातू यलोनेन यांनी एसएसएच ही दूरच्या यंत्राशी कुलूपबंद बोलायची रीत बनवली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं, त्यावर हा उपाय. आता आमच्यासारखे लोक पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहितात, एसएसएचमधून बोलतात. पण मूळ शिस्त एक्स्पेक्टचीच आहे: आधी ऐक, मग बोल. टाकळीच्या रात्री मी सक्तीची खूण लावून नेमकं हेच मोडलं होतं. यंत्र बोलायला तयार होतं, मीच त्याचं तोंड बंद केलं.

*

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गावात फायबर येतं ते जीपॉन नावाच्या पद्धतीने. केंद्रावर एक मोठं यंत्र असतं, त्याला ओएलटी म्हणतात. तिथून निघालेली एकच काच वीसेक किलोमीटर जाऊ शकते. वाटेत बिनविजेच्या छोट्या डबीत ती बत्तीस, चौसष्ट घरांत फुटते. घराच्या टोकाला असतो तो ओएनयू, ज्याचा लाल दिवा लागला की लोक फोन करतात. ओएलटी ज्या खासगी भाषेत या टोकाच्या यंत्राशी बोलते, तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सॉफ्टवेअर बदलण्याची जी रीत दिली आहे, ती मला कुठल्याही ग्रंथातल्या उपदेशाइतकी मोलाची वाटते.

नियम म्हणतो, टोकाच्या यंत्रात सॉफ्टवेअरचे दोन कप्पे असावेत. एकातलं चालू असताना नवं दुसऱ्यात उतरवावं. उतरवून झालं की बेरीज तपासून ते धड आहे का पाहावं. मग दोन वेगवेगळे हुकूम आहेत. पहिला ‘सक्रिय कर’, म्हणजे आता या नव्याने उठ आणि काम कर. दुसरा ‘कायम कर’, म्हणजे यापुढे वीज जाऊन आली तर याच नव्याने उठ. सक्रिय केलं पण कायम केलं नाही, तर यंत्र नव्यावर चालतं, पण एकदा वीज गेली की मुकाट्याने जुन्यावर परत येतं.

म्हणजे नवं वापरून बघण्याची मुभा आहे, आणि ते जमलं नाही तर कुणी मोटारसायकल काढायची गरज नाही. मोठ्या कंपन्यांच्या राउटरांतही हाच विचार वेगळ्या रूपात सापडतो. जुनिपरच्या राउटरला बदल सांगताना ‘दहा मिनिटांत मी होकार दिला नाही, तर बदल मागे घे’ असं सांगता येतं. सिस्कोवर बदलाआधी ‘दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो’ असा हुकूम देऊन ठेवतात आणि सगळं ठीक झालं की तो रद्द करतात. मायक्रोटिकमध्ये सुरक्षित अवस्था आहे. तुमचाच संपर्क तुटला तर त्या अवस्थेत केलेले बदल आपोआप उलटतात.

ज्यांनी हे नियम लिहिले, ते कधी तरी अशा यंत्रापाशी जाऊन आले असणार, जिथे परत जाणं सोपं नव्हतं. आमच्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, महाराष्ट्रात सगळ्यात मोठं. पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटमाथ्यावरची रतनवाडी आणि पूर्वेला जामखेड, यांत रस्त्याने दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर पडतं. घाटघरच्या बाजूला पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते आणि धुक्यात समोरची मोटारसायकल दिसत नाही. इथे पुढे जाण्याची ओळ लिहिण्याआधी परतीची ओळ लिहायलाच हवी. आता मी फाइल उघडली की खालून वर लिहितो. आधी ‘काही बिघडलं तर जुन्यावर ये’ हा भाग, तो पुरता तपासल्यावर मग बाकीचं.

परतीची वाट न ठेवल्याचे परिणाम मोठमोठ्यांनाही भोगावे लागले आहेत. जुलै २०२२ मध्ये कॅनडातली रॉजर्स ही कंपनी नेटवर्कची टप्प्याटप्प्याने सुधारणा करत होती. एका टप्प्यात राउटरमधली एक गाळणी काढली गेली आणि सव्वा कोटीच्या घरातल्या ग्राहकांची सेवा दिवसभर बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांचे फोनही त्याच कंपनीचे, त्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलता येईना. हे वाचल्यावर मी आमच्या तिन्ही तालुक्यांतल्या लाइनमन मंडळींकडे दुसऱ्या कंपनीचं एकेक सिम आहे का, ते विचारून घेतलं.

*

अपडेट कधी मारायचं, याचं पुस्तकातलं उत्तर आहे रात्री दोन ते चार, कारण तेव्हा सगळे झोपलेले असतात. हे उत्तर ज्यांनी लिहिलं त्यांनी नगर जिल्हा पाहिला नव्हता.

शेतीपंपाला वीज मिळते ती आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की अख्खी शिवारं जागी असतात. वस्तीवरच्या आमच्या पेट्या कुठे कुठे शेतीच्या फीडरवर आहेत, तिथे पाळी बदलताना वीज जाते. सॉफ्टवेअर लिहिलं जात असतानाच वीज गेली, तर तेच टाकळीचं दुखणं. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक ओळ मी स्वतः घातली आहे: आधी यंत्राला विचार, तू सलग किती वेळ जागा आहेस. सहा तासांपेक्षा कमी असेल तर या गावची वीज आज बेभरवशाची आहे, याला सोड, पुढच्या गावाला जा. कुठल्याही फीडरचं वेळापत्रक मागवण्यापेक्षा ही एक ओळ जास्त खरं सांगते.

गळिताच्या हंगामात राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरकडचा भाग रात्रंदिवस जागा असतो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून या पट्ट्याचं घड्याळ कारखान्याच्या भोंग्याला बांधलेलं आहे. उसाच्या ट्रॉल्या पहाटे तीनलाही रस्त्यावर असतात, आणि रचलेल्या उसाला अडकून वरचं फायबर तुटणं ही हंगामातली रोजची तक्रार. अपडेट चालू असताना तशी तार तुटली, तर यंत्र बिघडलं की तार तुटली हे दुरून कळत नाही, आणि माणूस चुकीचं सामान घेऊन जातो. तिथे आम्ही मोठी कामं हंगामाआधी उरकतो.

शिर्डीत तर रात्र नावाची गोष्टच नाही. शेजारती झाली की भक्तनिवासांत आणि हॉटेलांत माणसं घरच्यांना फोटो पाठवत बसतात, आणि काकड आरतीसाठी भल्या पहाटे उठतात. मधल्या दीड-दोन तासांत जे होईल ते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडची गोष्ट मला जास्त लागते. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. आई-बाप दुसऱ्या जिल्ह्यात फडात. रात्री साडेआठ-नऊला कोयता खाली ठेवून जेवणं झाली की ती माणसं पोरांना व्हिडिओवर बघतात. त्या एका तासात त्या गावांचा वापर दिवसातल्या कुठल्याही वेळेपेक्षा वर जातो, हे मी आलेखावर पाहिलं आहे. पुढे मध्यरात्रीनंतर गाव शांत होतं, पण फडात पहाटे चारला गाड्या भरायला लागतात, आणि निघताना पुन्हा एक फोन होतोच. एखाद्या आजीचा एकुलता फोन आपल्या पाच मिनिटांच्या रीबूटमध्ये हरवू नये, एवढंच. त्या गावांसाठी माझ्या फाइलमध्ये वेगळी वेळ लिहिलेली आहे: बारा ते दोन, दसरा ते गुढीपाडवा.

सगळीकडे सारखी असलेली एक वेळ म्हणजे सकाळी सहा. तेव्हा दूध येतं. सहाच्या आत जे उठलं नाही, त्याला उशीर झालाच.

*

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काच न्यायची, हे ध्येय होतं. २०१५ मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यातल्या लाखभर पंचायती जोडल्या गेल्या. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने राज्यानेच हाती घेतलं. जीपॉनचं तंत्र सी-डॉट या सरकारी संस्थेने देशात विकसित केलं होतं. ही तीच १९८४ साली स्थापन झालेली संस्था, जिने ग्रामीण टेलिफोन केंद्रं बनवताना वातानुकूलन नसलेल्या, धुळीच्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात पंचायतींना एकाच फांदीऐवजी वर्तुळात जोडायचं ठरलं, म्हणजे एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहावी.

वर्तुळाचा हा निर्णय मला फार आवडला. परतीची वाट आधी आखून ठेवण्याचाच तो विचार आहे, फक्त मातीत पुरलेला. पण मला अजून एक वाटतं. आपण तार मोजतो किलोमीटरमध्ये, यंत्रं मोजतो नगांमध्ये. यंत्र बसवल्यावर पुढची सात-आठ वर्षं त्याचं सॉफ्टवेअर वेळच्या वेळी कुणी बदलायचं, हे काम नगात मोजता येत नाही, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. विहीर खोदल्याचा फोटो निघतो. दर वर्षी गाळ काढल्याचा कोण काढणार? हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी आपल्याच जिल्ह्यातली. तिथे बंधारे बांधले तेवढंच झालं नाही, ते बांधल्यावर वर्षानुवर्षं पाण्याचे नियम पाळले गेले. यंत्रांच्या बाबतीतही तीच शिस्त लागते, आणि ती गावाजवळच्या माणसांनीच पाळायला हवी.

माणसं आहेतही. तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय, पॉलिटेक्निक केलेली, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र भिंतीला लावलेली मुलं आहेत. त्यांना पायथॉनच्या वीस-तीस ओळी वाचता येतात, हे मी शिकवून पाहिलं आहे. अडचण येते ती इंग्रजीतल्या टिपांची. म्हणून मी फाइलमध्ये टिपा मराठीत, देवनागरीत लिहू लागलो. पायथॉन ते वाचताना कुरकुरत नाही. ‘इथे थांब, पाच मिनिटं वाट बघ, घाई करू नको’ अशी टीप मुलांना लगेच कळते आणि लक्षातही राहते. एकच पथ्य पाळावं लागतं. देवनागरी अक्षर यंत्राकडे जाणाऱ्या ओळीत जाता कामा नये. एकदा एका मुलाने हौसेने राउटरच्या आतल्या शेऱ्यात गावाचं नाव मराठीत लिहिलं. राउटरने त्याची जागोजागी प्रश्नचिन्हं केली, आणि त्या नावावर विसंबलेली पुढची ओळ अडकली.

गावांच्या नावांचा प्रश्नही सुटला, आणि तो सोडवणारी गोष्ट आधीपासून सरकारी यादीत होती. देशातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला स्थानिक शासन निर्देशिकेचा एक स्वतंत्र क्रमांक असतो. रोमन लिपीत कुणी टाकळी एका पद्धतीने लिहितं, कुणी दुसऱ्या. पिंपळगाव माळवी आणि पिंपळगाव पिसा पहिल्या शब्दात वेगळे करता येत नाहीत. पण क्रमांक दोन पंचायतींचा एक असत नाही. आता आमची यंत्रं क्रमांकाने ओळखली जातात, आणि त्यापुढे बोर्डाची बनावट. दोन्ही जुळल्याशिवाय फाइल जात नाही. तरीही स्क्रिप्ट पुढे जाण्याआधी माझ्यासमोर गावाचं पूर्ण नाव आणि तालुका दाखवते आणि थांबते. ती ओळ मी त्या बाबांसाठी ठेवली आहे. तिच्यावरची मराठी टीप अशी: कंची टाकळी?

*

मागच्या हिवाळ्यात त्याच टाकळीतल्या सेवा केंद्राच्या ओएनयूचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. मी आदल्या दिवशी ताईंना फोन केला. म्हटलं, ‘ताई, आज रात्री बदलतोय. उद्या सकाळी तुमच्याकडचा पहिला सातबारा निघाला की मला कळवा. तोवर मी कायम करत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘दादा, मागल्यासारखं नको व्हायला.’ मी ‘नाही होणार’ असं म्हटलं नाही. झालं तर आपोआप जुन्यावर येईल, एवढं सांगितलं.

रात्री साडेबाराला फाइल उतरली, बेरीज जुळली, नवा कप्पा सक्रिय झाला, दिवा हिरवा. सकाळी पाहतो तो यंत्र जुन्यावर. पहाटे चारच्या सुमारास वीज गेली होती, केंद्रातला यूपीएस तासाभरात संपला आणि वीज आल्यावर ओएनयू आपल्या कायम कप्प्याने उठला. दहाला ताईंचा संदेश आला, सगळं चालू आहे म्हणून. रात्री काय काय झालं याचा गावात कुणाला पत्ता नव्हता. मी त्यांना कळवलं, ‘आज पुन्हा करतो.’

दुसऱ्या रात्री वीज राहिली. सकाळी साडेनऊपासून मी आमच्या कार्यालयात चहा घेऊन बसून होतो. स्क्रिप्ट शेवटच्या ओळीवर थांबलेली, पडद्यावर क्रमांक, टाकळीचं पूर्ण नाव, तालुका. दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

‘निघाला. वाचताबी येतोय नीट.’

मी ‘कायम’ची ओळ चालवली आणि पुढचं गाव उघडलं.